गप्प म्हणजे शून्य

लग्नाला एकवीस दिवस झाले होते आणि या घरात मी अजून विचारल्याशिवाय बोलत नव्हते. त्या रात्री दिवे गेले. नणंद म्हणाली, "बाबा, भुताची सांगा ना. वहिनीला घाबरवू या."

"आधीच ती तोंड उघडत नाही," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी मेणबत्ती स्वतःपासून लांब सरकवली.

"खरी आहे हं. माझ्या ओळखीच्या एकाची. अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री साडेनऊला तो कपाटातून एक काचेची चकती काढायला गेला. बांगडीएवढी. तिला लाखो भोकं, केसाहून बारीक. एक कण भोकात शिरला, की आतल्या भिंतींवर आपटत आपटत एकाचे लाख होतात. मग कुठे तो पडद्यावर ठिपका होऊन दिसतो."

"म्हणजे आत्याला सांगितलेली बातमी," दीर म्हणाला.

"तस्संच. पण जुन्या चकत्या कुणी काही न सांगताही बोलायच्या. काळोखात, आत काही नसताना ठिपके. ते थांबावेत म्हणून त्याचा मित्र भोकांना आतून पातळ थर चढवायचा. अणूवर अणू. बारा वर्षं तेच काम. सगळे त्याला थरवालाच म्हणायचे."

थरवाला भिंतीपलीकडच्या खोलीत असे, आणि हा अलीकडे काळोखात ठिपके मोजत बसे. मोजायच्या यंत्राजवळ फोन चालत नसे, त्याच्या लहरींनीही ठिपके पडत. म्हणून मोजणीची वेळ संपली की थरवाला पान्यानं भिंतीवर दोनदा ठोकायचा. टक टक. म्हणजे, किती? मग हा जितके ठिपके तितके ठोके द्यायचा. थरवाला फळ्यावर तारीख घालून आकडा लिहायचा.

"तो म्हणायचा, 'ज्या दिवशी तू गप्प राहशील, त्या दिवशी शून्य समजेन आणि तुला जेवायला नेईन.' बारा वर्षांत ते जेवण काही झालं नाही. ऑक्टोबरात थरवाला गेला. झोपेतच. त्यानं थर चढवलेली शेवटची चकती राहिली मागे, तीच ही कपाटातली. साहेब म्हणाले, 'आज मोजून टाक. पाचाच्या वर ठिपके आले, तर उद्या त्याचं थर चढवायचं यंत्र भंगारात.' थरवाल्याच्या खोलीला कुलूप. किल्ली साहेबांच्या खिशात."

सासऱ्यांचा आवाज खाली आला.

"दहाला मोजणी सुरू. अकराला संपायची. इमारतीत हा एकटा. पडदा काळा. अर्धा तास... काळाच. पन्नास मिनिटं... एक ठिपका नाही. आणि सांगायला कुणी नाही.

"तेवढ्यात भिंतीतून... टक टक."

नणंद माझ्याजवळ सरकली.

"त्याचा हात उठला. सवयीनं. पण मोजणी चालू असताना भिंत हलली की डझनभर ठिपके पडतात. त्यानं पडद्याकडे पाहिलं. ठोका पडला होता... ठिपका नव्हता.

"टक टक.

"बोलायचं होतं त्याला. महिनाभर तो कुणाशी धड बोलला नव्हता. एक ठोका दिला असता... नुसता, आहे म्हणून. पण यंत्र गेलं असतं. बारा वर्षं गेली असती.

"टक... टक.

"या वेळी हळू. विचारणारा दमल्यासारखा.

"त्यानं बाहीत दात रोवले.

"अकरा वाजले. पडदा काळा. मग तो धावत भिंतीशी गेला. दोन्ही मुठींनी ठोकलं. कान लावला..."

ते थांबले. नणंदेनं माझा हात कधी धरला, तिलाही कळलं नसावं. घाबरणार होते मी आणि हात धरला होता तिनं, ते मी मनात ठेवलं.

"मग?" मी विचारलं. घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही. पलीकडे काही नाही."

सासऱ्यांची उजवी मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती. सासूबाईंनी त्या मुठीवर हात ठेवला.

"सकाळी साहेबांनी कुलूप उघडलं. पाना खिळ्याला. जमिनीवर महिन्याची धूळ... पाऊल एकही नाही. फळ्यावर खडूनं नवी ओळ होती. थरवाल्याच्याच अक्षरात.

"अकरा नोव्हेंबर. शून्य."