भिंतीवरचा तांबडा तळवा

सन दोन हजार अठरा. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, थंडी नुकतीच पडू लागलेली. दिवा बारीक करा. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्याच्यावर गुदरलं तो माझा सख्खा भाचा, आणि तो माझ्याशी खोटं बोलायची हिंमत करत नाही.

भाच्याची नोकरी यंत्रावरची. टेकडीच्या पोटात एक दालन आहे, त्याच्या भिंतींवर फार जुनी चित्रं. यंत्रातून बारीक उजेड चित्रावर पडतो, परत येणाऱ्या उजेडाची पडद्यावर रेघ उमटते. गेरू आणि हिंगूळ दोन्ही तांबडे, पण गेरूची रेघ वेगळी, हिंगुळाची वेगळी. मी चौथी शिकलेला. मला समजलं तेवढं सांगतो.

"म्हणजे फोटोच की, आजोबा."

"फोटो नाही. रंगाची ओळखपरेड. आता गप बस."

बाहेरचा उजेड मिसळला की रेघ बिघडते, म्हणून हे काम रात्रीचं. नियम एकच. भिंतीला उजेड लावायचा, बोट नाही. काम संपलं की भाचा यंत्रापुढे स्वतःचा तळहात धरायचा. जिवंत कातडीची रेघ त्याला पाठ होती. ती नीट उमटली म्हणजे यंत्र ठीक.

त्या रात्री तो आणि त्याच्या कामावरच्या मॅडम, दोघंच. भिंतीवर एक बाई, हात पुढे केलेला, तळवा तांबडा. गेरू की हिंगूळ, एवढंच ठरायचं होतं. पण वर कुणीतरी पूर्वी रोगण फासलेलं, रेघ पुसट येई.

"उद्या बघू," मॅडम म्हणाल्या आणि चहा आणायला वर गेल्या.

उद्यापर्यंत थांबेल तो आमच्या घरातला कसला? त्याने त्या तळव्याच्या मधोमध नख घालून तांदळाएवढी कपची उचकटली, मेजावर पालथी ठेवून यंत्र लावलं. रेघ स्वच्छ. गेरू. कपची डबीत, डबी खिशात.

मग सवयीने तळहात धरला.

पडद्यावर गेरू.

हात पुसला. धुतला. पुन्हा धरला. गेरूच...

मॅडमना काही न बोलता तो घरी आला. रात्रीचे दोन. पोरगी झोपेत पांघरूण लाथाडत होती. त्याने तिच्या गालावरून हात फिरवला. पाच तांबडी बोटं उठली.

बायको ओलं फडकं घेऊन घासत राहिली. "अहो, हे जात का नाही?"

मग तिने चिमटा काढला. पोरगी हूं की चूं करेना. गाल गार. खरखरीत. भिंतीसारखा.

"काय आणलंत हो तुम्ही घरात?"

तो तसाच टेकडीकडे पळाला.

मॅडम अजून दालनातच होत्या. त्याने डबी पुढे केली.

"कुणी सांगितलं होतं नख लावायला?"

"कुणी नाही."

"पोरकट माणूस! आण इकडे."

कपची बसवण्याआधी जागा तपासावी म्हणून त्यांनी यंत्राचं तोंड त्या तांबड्या तळव्यावर धरलं. रेघ उमटली. दोघांनी पाहिली.

गेरू नव्हता.

भाच्याला ती रेघ पाठ होती.

आणि ती स्थिर नव्हती. चढत होती... पडत होती... चढत होती.

मॅडमनी यंत्र बंद केलं. अंधार. विजेरीच्या उजेडात त्यांनी चिमट्याने कपची उचलली, डिंकाचा थेंब लावला, जागेवर टेकवली. भिंत...

असो.

उजाडताना तो घरी आला. पोरगी उठून भूक लागली म्हणून रडत होती. गाल स्वच्छ, गरम. बायकोने त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, आणि उजेडात धरला.

तळव्याच्या मधोमध तांदळाएवढा खड्डा. रक्त नाही. दुखणं नाही. अजून आहे. येईल तेव्हा बघा, पण विचारू नका.

घेतलेलं परत गेलं. देणं फिटलं.