निशाणी डावा अंगठा

बसा, जरा सरकून बसा. ऋषी, बॅटरी विझव, सेल संपतील. लाइट यायला अजून तास आहे, तोवर ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही. राजुरी-नारायणगाव जीप मारायचा तो जानकू, त्याच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. आणि जानकू खोटं रचून सांगेल असं मला वाटत नाही, तेवढी अक्कल त्याला नाही.

चांगदेव तुम्हाला माहीत आहे. तोच, द्राक्षबागेवाला. शाळेत माझ्याच हाताखाली होता. चौथीत ‘माझी आई’ या निबंधाला मी त्याला दहापैकी नऊ दिले होते. ते मार्क मला आज परत घ्यावेसे वाटतात.

त्याची आई बयाबाई. वय ऐंशीच्या पुढं. रात्री-अपरात्री उठायची, कडी काढून अंगणात फिरायची, अंथरूण ओलं करायची. सून लंकाबाई कंटाळली. चांगदेव तिच्याही आधी कंटाळला. बरं, माणूस थकतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण यानं केलं काय? दोन हजार तीनच्या जानेवारीत महिनाभर वृद्धाश्रम बघत हिंडला. म्हैस घेतानासुद्धा माणूस दात बघतो, सड बघतो. यानं खोल्या बघितल्या नाहीत, जेवण बघितलं नाही. बघितला तो फक्त फॉर्म. एका ठिकाणी मुलाची सही लागत होती, नापसंत. दुसऱ्या ठिकाणी महिन्यातून एकदा भेटायला यावं लागेल म्हणाले, तेही नापसंत. गावात कळलं तर अब्रू जाईल ना साहेबांची. शेवटी कळंबच्या पुढं आडरस्त्याला एक आश्रम सापडला. तिथं मुलाची सही लागतच नव्हती. ज्यांना कोणीच नाही, अशांनाच तिथं घ्यायचे.

तो पसंत पडला.

आईला सांगितलं, डोळे दाखवायला जायचंय. म्हातारीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, चष्मा पदरानं पुसला आणि जानकूच्या जीपमध्ये पुढं बसली. रस्ताभर जानकूला विचारत होती, डॉक्टर चांगला हाय ना रं, मला चांगदेवाचं तोंड आता धूसर दिसतंया.

आश्रमात प्रयागबाई म्हणून एक व्यवस्थापक होत्या. त्यांनी फॉर्म पुढ्यात घेतला, नाव लिहिलं आणि विचारलं, “नातेवाईक?”

“कोणी न्हाई,” चांगदेव म्हणाला.

“मग तुम्ही?”

“मी गावचा. आजी यष्टी स्टँडवर बसल्याली व्हती. म्हनलं, माणुसकी म्हणून...”

माणुसकी. हाच शब्द वापरला त्यानं. जानकू मागं उभा होता, त्यानं तोंड उघडलं नाही. त्याला जीपचं गिऱ्हाईक महत्त्वाचं.

प्रयागबाई हुशार बाई. त्या म्हातारीकडं वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “आजी, हे तुमचे कोण?”

म्हातारीनं चष्म्यातून मुलाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. सगळ्यांना वाटत होतं तिला ऐकू येत नाही. तिला सगळं ऐकू आलं होतं.

“कोणी न्हाई,” ती म्हणाली.

पोरानं मागितलं ते तिनं देऊन टाकलं, जन्मभर देत आली तसंच. मग प्रयागबाईंनी तिचा हात धरून निळ्या शाईच्या पॅडवर टेकवला आणि फॉर्मवर अंगठा उठवला. खाली छापलेलं होतं, निशाणी डावा अंगठा. त्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वण होता, त्यामुळं ठसा दोन तुकड्यांत उठला, मधे पांढरी रेघ.

गावात चांगदेवनं सांगितलं, आई बहिणीकडं नाशकाला गेली. आम्ही विश्वास ठेवला. म्हणजे, ठेवल्यासारखं केलं. मीसुद्धा.

आता ती रात्र. बावीस डिसेंबर, त्याच साली. सोमवार, संध्याकाळी अमावस्या लागलेली. जानकूनं नारायणगावहून द्राक्षाच्या औषधाचे ड्रम आणून चांगदेवकडं उतरवले. उशीर झाला होता आणि रस्त्याकडेच्या उसात बिबट्या दिसल्याची बातमी होती, म्हणून तो जेवून तिथंच पुढच्या खोलीत आडवा झाला. लाइट नव्हती. चांगदेव कंदिलाजवळ बसून तंबाखू मळत होता.

साडेअकराला बाहेरची कडी वाजली. तीनदा. बयाबाई वाजवायची तशी.

“कोण हाय?” चांगदेवनं विचारलं.

बाहेरून सावकाश आवाज आला. “कोणी न्हाई.”

लंकाबाई आतून धावत आली. हा तिला काय म्हणाला, माहीत आहे? आई एवढ्या अंधारात कशी आली, असं नाही. म्हणाला, “पळून आली म्हातारी. आता गावभर हुईल.”

दार उघडलं. अंगण रिकामं. कुत्रं जीपखाली अंग चोरून बसलेलं. भुंकत नव्हतं.

यानं दार लावलं, आतून कडी घातली.

पुन्हा कडी वाजली.

“कोण हाय?”

“कोणी न्हाई.”

या वेळी तो उठला नाही. जानकू म्हणतो, कंदिलाची वात कोणी हात न लावता खाली गेली. मग...

पुन्हा कडी वाजली. पण बाहेरची नाही.

आतली.

जानकूनं बॅटरी मारली. कडी कोयंड्यात होती. आणि हलत होती.

“कोण...” चांगदेव दाराकडं बघत म्हणाला.

उत्तर दारातून आलं नाही. मागून आलं. माजघरातून. तिथं बयाबाईची खाट होती, आता तिच्यावर खताची पोती रचलेली.

“कोणी न्हाई.”

खाट करकरली. कोणी बसावं तशी.

पुढं उजाडेपर्यंत तिघंही कंदिलाजवळ बसून राहिले.

सकाळी जीप कळंबच्या रस्त्याला लागली. प्रयागबाई म्हणाल्या, “काल संध्याकाळी सातला गेल्या. रात्रीच उरकलं सगळं. कळवणार कुणाला?” मग चांगदेवकडं निरखून बघत म्हणाल्या, “त्यांना घेऊन आला होतात ते तुम्हीच ना? अस्थी आम्ही नातेवाइकाच्याच हातात देतो. आहे का कोणी?”

चांगदेवनं तोंड उघडलं. एक शब्द बोलायचा होता. मुलगा. तीन अक्षरं. पहिलीतलं पोर लिहितं.

जानकूच्यानं राहवलं नाही. “आता तरी बोला, राव,” तो म्हणाला.

चांगदेवनं इकडंतिकडं बघितलं. आश्रमातले चार म्हातारे व्हरांड्यात बसून ऐकत होते, ते ना ओळखीचे ना पाळखीचे. त्यांचीसुद्धा लाज वाटली त्याला.

“न्हाई,” तो म्हणाला. “कोणी न्हाई.”

प्रयागबाईंनी नोंद करायला म्हातारीचा फॉर्म काढला. आणि थांबल्या. कागद उजेडाकडं धरला. बोट फिरवून बघितलं. नाव होतं, तारीख होती, त्यांचं स्वतःचं अक्षर होतं. ‘निशाणी डावा अंगठा’ हे छापलेलं होतं. त्याच्यावरची जागा कोरी होती. शाईचा डाग नाही, पुसल्याची खूण नाही.

“मी माझ्या हातानं लावला होता,” त्या म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

हे घरी परतले तर लंकाबाई अंगणात उभी. सकाळपासून आत गेली नव्हती. तिनं नुसतं बोट दाखवलं.

दाराच्या आतल्या बाजूला, कडीजवळ, अंगठा उठलेला. निळा. दोन तुकड्यांत. मधे पांढरी रेघ.

सहा वर्षं झाली. चांगदेवनं दाराला दोनदा रंग दिला. आजही कोणी विचारलं तर सांगतो, आई नाशकाला वारली. मागच्या महिन्यात मी पत्रिका द्यायला त्याच्याकडं गेलो होतो. तो पाणी आणायला आत गेला तेव्हा मी दार हळूच लोटून बघितलं...

रंगाच्या वर होता.

मी बोट लावलं. ओला होता.