भागाबाईचा डबा

समाधान, तो मोबाईल ठेव बाजूला. धुळ्यात जिवाला बरं वाटेल असं जेवण कुठं मिळतं, हे मोबाईलला काय विचारतोस? मला विचार. आता जळगावला राहत असलो तरी नोकरी सगळी धुळे डेपोत गेली माझी. शेवभाजी खायची तर स्टँडच्या मागं. भरीत-पुरी हिवाळ्यात, साक्री रोडला. आणि दमून-भागून गेल्यावर कुणीतरी आपल्यासाठी रांधलंय असं वाटायला हवं असेल, तर भागाबाईची खानावळ. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत. पाटी नाही. वाढलं की बाई तुझ्या तोंडाकडं बघत उभी राहते. पहिल्या घासाला चेहरा खुलला नाही तर ताट उचलून नेईल.

फक्त आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, जाऊ नको. त्या दिवशी ती आता चूल पेटवत नाही.

हसू नको, संघमित्रा. ऐक.

आमच्या डेपोत अभिमन नावाचा ड्रायव्हर होता. माणूस गरीब, जीभ तेवढी लाडावलेली. दुपारचं जेवण भागाबाईकडं ठरलेलं. घरी बायको, इंदिराबाई. तिच्या हातचे मांडे सगळ्या देवपुरात नावाजलेले. कणकेचा गोळा हातावर असा खेळवायची, की मांडा कोपरापर्यंत लोंबायचा, मग अलगद चुलीवरच्या खापरावर. पण बाई महा जळकी! नवरा दुसरीकडं बघतो का, याची तिला फिकीर नव्हती. दुसरीच्या हातचं आवडीनं खातो, हे तिला सोसवत नव्हतं. संध्याकाळी हा दारात आला की त्याचा उजवा हात धरायची, नाकाशी न्यायची आणि हुंगायची.

"आज बी तठेच खादं ना?"

हा बिचारा लिंबू चोळून यायचा. तरी ओळखायची.

भागाबाई तरी कुठं कमी? हा तिच्या टेबलावर बसून बायकोच्या मांड्यांचं कौतुक करायचा, आणि ती आतून जळायची. मुद्दाम डबा भरून द्यायची, "दे तुना बाईले, चाखू दे." इंदिराबाई त्यातला कणही तोंडात घालायची नाही. सगळं गायीला. आणि डबा रिकामा परत. आपल्यात कुणाचा डबा रिकामा देतात का? चिमूटभर साखर तरी घालतात. ही घासून, पुसून, कोरडा करून रिकामा धाडायची. म्हणायची, "मी मरी गयी तरी तिना हातनं खावाव नही."

गेली बिचारी. दिवाळीनंतर, तापाचं निमित्त झालं.

मग आली पहिली आखाजी. अभिमननं तिच्या नावानं घागर भरली, वर खरबूज ठेवलं. पण आगारी? पितरांचा घास निखाऱ्यावर ठेवायचा, तो मांड्याचाच हवा. लेक सुरतेला, तिचे दिवस भरत आलेले. घरातलं खापर कोपऱ्यात पडलेलं. आपल्या इंदिरेला पहिल्या वर्षी उपाशी ठेवायचं का, या एका विचारानं माणूस रडकुंडीला आला. आणि गेला कुठं? भागाबाईकडं!

ती तर वाटच बघत होती. "इंदिराबाईनाच हात गोड व्हता का? ठेव मना मांडा आगारीवर. समजू दे तिले बी."

दुपारी अभिमननं तो मांडा डब्यातून काढला. मोडवेना म्हणून चार घड्यांचा अख्खाच निखाऱ्यावर ठेवला, तूप सोडलं. भडकून जळाला. त्याच्या डोळ्यांदेखत काळा कोळसा झाला, मग राख. त्याला वाटलं, घेतला तिनं. जीव शांत झाला.

डबा त्यानं स्वतः घासला. आणि रात्री परत द्यायला निघाला. बुधवार होता. साडेनऊचा सुमार. गल्लीत पोरींचे झोके अजून चालू होते, गाणी ऐकू येत होती. हा चालत चालत पांझरेच्या पुलावर आला.

पुलावर चिटपाखरू नाही. खाली नदी कोरडी.

अर्ध्या पुलावर डबा जड वाटला. त्यानं हात बदलला.

थोडं पुढं गेला. डबा आणखी जड.

आणि... गरम.

तो थांबला. मागं कुणी नाही. पुढं कुणी नाही. गाणी बंद झाली होती.

मग त्याचा मोकळा हात... उजवा... कुणीतरी धरला.

हळूच धरला. सवयीनं धरावा तसा.

हात वर गेला. त्यानं नेला नाही. गेला. तोंडासमोर थांबला, आणि बोटांवर श्वास आला.

हुंगल्याचा आवाज.

एकदा.

पुन्हा एकदा... लांब.

अभिमनला रडूच फुटलं. "इंदिरा... माले करता येत नही वं. कोन करी दी माले?"



हात सुटला.

कसा पोचला, त्याचं त्याला ठाऊक. भागाबाई ओटा पुसत होती. त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि खाली बसला. तिनं डबा उचलला आणि दचकून परत ठेवला. चटका बसला होता.

झाकण काढलं.

आत मांडा. चार घड्यांचा. वाफ निघत होती. वर राखेचा पातळ थर.

अभिमन भिंतीला टेकला. भागाबाईनं वाकून आत बघितलं.

"परत धाडी दिन्हा," ती म्हणाली. "मना मांडा... परत धाडी दिन्हा तिनी."

डोळ्यांत पाणी होतं. अभिमन मला म्हणाला, नाना, ती घाबरली नव्हती हो. तिला झोंबलं होतं.

तिनं पदरानं राख झटकली. मांडा दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला, दिव्याखाली धरला.

खालच्या घडीचा कोपरा नव्हता. तिथं दातांची खूण होती.