बारा व्होल्टची रेघ

दुपारी दोन वाजता घरातला सर्व्हर पुन्हा बंद पडला.

टेगन धावत कपाटापाशी पोचली. आतल्या दोन डिस्कांपैकी एक गेल्या आठवड्यात मेली होती. दुसरी कटकट वाजून थांबली. त्या एकीवर आजोबांचा आवाज होता: खेकडे धरायच्या युक्त्या, बोटीवरची गाणी. आजोबा हिवाळ्यात गेले होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

बाबा येऊन नेहमीसारखं बटण दाबणार, एवढ्यात टेगन आडवी आली. असे आणखी दोन-तीन झटके बसले तर ही डिस्कही जाईल, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणाले, यंत्र जुनं झालंय, चालायचंच. व्होल्टेजची नोंद ते दर पाच मिनिटांनी ठेवत होते आणि ती एकदम ठीक होती.

"बाबा, पाच मिनिटांनी एकदा डोळे उघडणारा फलंदाज किती चेंडू खेळेल?" दहा वर्षांच्या पिरनने विचारलं. बहिणीची बाजू तो सहसा घेत नसे.

टेगनने आजोबांची डिस्क काढून टॉवेलात गुंडाळली आणि तिच्या जागी एक रिकामी बसवली. डिस्कांना वीज देणाऱ्या बारा व्होल्टच्या तारेला छोटं मापक लावलं. ते सेकंदासेकंदाला आकडा घेई. नोंद लॅपटॉपवर, तीही बॅटरीवर; सर्व्हर गेला तरी नोंद जायला नको.

पडद्यावरची रेघ सरळ चालली होती. मग ती अचानक खाली कोसळून वर आली. त्याच क्षणी व्हरांड्यात काहीतरी घरघरलं.

टेगन आणि पिरनने एकमेकांकडे पाहिलं. बिअरचा फ्रिज! ख्रिसमसला क्लेम काकांनी तो शेडमधून व्हरांड्यात आणला होता. त्याची वायर खिडकीतून थेट सर्व्हरच्याच एक्स्टेंशन बोर्डात शिरली होती, आणि तो बोर्ड स्वयंपाकघरातून ओढलेल्या एका जुन्या, बारीक वायरवर होता.

टेगनने काकांना बोलावून वायर दाखवली. काका हसले. "अगं पोरी, फ्रिज अख्खा दिवस चालू असतो. सर्व्हर मधूनच बंद पडतो. जुळतंय का काही?"

टेगनने वाद घातला नाही. तिने काकांना बाबांसाठी थंड बाटली आणायला पाठवलं. पिरनही मागे गेला आणि कुठलं लेमोनेड घ्यावं हे त्याला ठरेचना. फ्रिजचं दार उघडंच राहिलं. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन होतं.

फ्रिज घरघरला. रेघ पावणेअकरा व्होल्टवर आपटली. सर्व्हर बंद.

बाटली हातात धरून काका लॅपटॉपकडे बघत राहिले.

"फ्रिज अख्खा दिवस चालू नसतो, काका," टेगन म्हणाली. "त्याची मोटर थांबते आणि पुन्हा सुरू होते. सुरू होताना ती सगळी वीज ओढून घेते."

"माझी नोंद बघताना मला हे सुचायला हवं होतं," बाबा म्हणाले. "शाबास, टेगन. पिरन, तूसुद्धा."

काकांनी फ्रिज एकट्याने उचलून शेडमध्ये नेला. कुणाला हात लावू दिला नाही. बाबांनी सर्व्हरला स्वतंत्र, जाड वायर दिली. टेगनने आजोबांची डिस्क परत बसवली आणि नव्या डिस्कवर प्रत घ्यायला सुरुवात केली.

संध्याकाळपर्यंत गाणी आली, खेकड्यांच्या गोष्टी आल्या. आजोबांच्या शेवटच्या सहलीची फाइल अर्ध्यावर अडकली आहे. डिस्क तोच तुकडा पुन्हापुन्हा वाचते आहे. बारा व्होल्टची रेघ सरळ आहे, आणि कपाटासमोर चौघेही जमिनीवर बसले आहेत.