टाकी पुन्हा भरली

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण माझ्या बाबांनी मरेपर्यंत ही हकिगत एका शब्दानेही बदलली नाही.

छप्पन्न सालचा जानेवारी. परळमधलं एक प्रसूतिगृह. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरलेली, गोळीबार झालेला, बाहेर कर्फ्यू.

बाबा, म्हणजे राजाराम, तिथे फिटर होते. आईही तिथेच बाळंत झालेली. दोन दिवसांची मी तिच्या कुशीत.

बॉयलरचं पाणी तापलं की फुगतं. त्या जास्तीच्या पाण्यासाठी गच्चीवर एक टाकी असते. तिचं माप बाबांनीच काढलं होतं. नव्या वॉर्डाचे पाइप हिशेबात धरायचे तेवढे राहिले, आणि टाकी लहान पडली.

आदल्या दिवाळीत टाकी उतू गेली. टाकीखालच्या दोरीवर चादरी वाळत घालणारी जाईबाई त्या उकळत्या पाण्यात सापडली...

वाचली नाही.

बाबांनी मग दुप्पट मोठी टाकी बसवली.

त्या दुपारी कोळसा संपून बॉयलर गार पडला होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

आणि गच्चीवरून...

टप्. टप्.

"राजाराम, टाकी वाहतेय रे!" बॉयलरवाला कोंडीराम ओरडला.

"बॉयलर पेटवलास काय?"

"कशानं पेटवू? विडीनं?"

बाबा वर धावले. टाकी काठोकाठ. बोट बुडवलं... चटका बसला!

तळाचा नळ सोडून त्यांनी टाकी उपसली. पाणी पुन्हा चढलं. पुन्हा उपसली.

पुन्हा काठोकाठ.

मागे ओली चादर पिळल्याचा आवाज झाला...

वळून पाहिलं. दोरी रिकामी.

बाबांनी दोरीकडे बघत हात जोडले. "जाईबाई, अजून केवढी मोठी करू? सांग बाई."

पाणी भराभर उतरू लागलं. पाइपातून. खाली.

आमच्या वॉर्डाकडे.

बाबा जिना कसे उतरले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

आई हसत होती. "अहो, ती बाई कोण हो? पोरीला काय छान न्हाऊ घालून गेली!"

"कुठली बाई?"

"तोंडावरून पदर घेतलेली. ही बघा, चादरीत गुंडाळून दिलीय."

चादरीतून वाफ निघत होती...

मला कुठेच भाजलं नव्हतं. पण कर्फ्यू उठेपर्यंत आम्हाला तिथून हलवणं बाबांच्या हातात नव्हतं. ते नुसते पाइपावर हात ठेवून बसून राहिले.

आता बाबा नाहीत. माझ्या घरात बॉयलर नाही. तरी कधी कधी चादर पिळल्याचा आवाज येतो, आणि मी आधी नातवाचं अंथरूण चाचपते.

आज सकाळी ते गरम लागलं.

नातू तर परवाच गावाला गेलाय...