कोपऱ्यापुढची रेघ

अच्युत मिराशींनी रेखनमेजाच्या काचेवर बोट टेकवलं, तशी ओढ्यावरच्या साकवाची रेघ उमटली आणि कोपऱ्याच्या केसभर पुढे जाऊन थांबली. ही त्यांच्या बायकोची, निर्मलाबाईंची सवय. रेघा एकमेकींना छेदल्या की कोपरा पक्का दिसतो, असं त्या म्हणत.

रेखनमेज वापरणाऱ्याचा हात शिकायचं. दोन रेघा ओढल्या की उरलेला आराखडा त्याच्या सवयीने, त्याच्या मोजमापांवरून पुरा करायचं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. मिराशी अजून तिच्याच नावाने मेज उघडत.

कचेरीच्या प्रमुख रेहाना मुजावर मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काका, हा पूर्वेचा खांब कुठे रोवलात?"

"काठावर."

"कुठला काठ? तो श्रावणातल्या पुराने खाल्ला. आराखड्यात तुमचा खांब ओढ्यात उभा आहे. शाळेची मुलं जाणार त्यावरून!"

मिराशी काचेवर वाकले. काठ निर्मलाबाईंनी गेल्या वर्षी मोजला होता. मेजाने तो तसाच काढला आणि मिराशींनी न तपासता खाली सही केली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"तिने मला उभं सोललं असतं."

"मलाही. तुमच्यावर विसंबले म्हणून."

"मेजातला तिचा हात पुसायचा कसा?"

"पुसला की परत येत नाही, काका. राहू द्या ना. फक्त वापरू नका."

"राहिला तर मी रोज उघडेन."

त्यांनी स्वतःच पुसला. काच कोरी झाली. मग टेप उचलून ते ओढ्यावर गेले. दुसरं टोक रेहानांनी धरलं, गुडघाभर पाण्यात उभं राहून. काठ अडीच मीटर मागे सरकला होता. मिराशींनी तो दोनदा मोजला.

परतल्यावर त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने मेज उघडलं. नव्या मापाने दोन रेघा ओढल्या. तिसरी मेजाने काढली. ती कोपऱ्याच्या केसभर पुढे गेली.

"पुसला होतात ना?" रेहानांनी विचारलं.

"पुसला होता."

मिराशींनी चष्मा वर करून स्वतःच्या दोन रेघा पाहिल्या. त्याही एकमेकींना छेदून पुढे गेल्या होत्या. याच सवयीवरून त्यांनी बायकोला तीस वर्षं चिडवलं होतं.

त्यांनी खांब पुन्हा तपासला आणि सही केली. तेव्हा नवा हात नोंदवण्याआधी मेज नेहमी विचारतं तो प्रश्न काचेवर उमटला: हा हात कोणाचा?