बोटभर फट

“माझ्या लेकीनं माणसं मारली नाहीत हो,” वहिनींच्या दारातच नर्सबाई म्हणाल्या.

सभागृहाचा सज्जा कोसळून दोन रंगारी चिरडले होते. त्या सज्ज्याच्या मजबुतीचा हिशेब त्यांच्या मुलीनं संगणकावर केला होता. उद्या तिला अटक होणार होती.

शोधकामात वहिनींचं नाव मोठं. गाडी, पिशवी आणि बाळबोध प्रश्न त्यांच्या दिराकडे.

“भावोजी, निघा.”

मुलीचे डोळे रडून सुजले होते. “भिंतीची जाळी आमच्या कचेरीतल्या चष्मेवाल्यानं केली, सज्ज्याची मी. मग दोन्ही जोडल्या.”

“जाळी म्हणजे?” भावोजींनी विचारलं.

“वस्तूचे बारीक त्रिकोण पाडायचे, काका. जोडताना किती अंतरापर्यंतचे बिंदू एकच धरायचे, तो आकडा आपण द्यायचा. मी केसाएवढा दिला. बांधकामातच भिंत आणि सज्जा यांत बोटभर फट होती. सज्जा भिंतीला टेकतच नव्हता. निकाल लाल आला, म्हणजे धोका. साहेबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळं हिरवं!”

“विचारलं नाहीस?” वहिनी म्हणाल्या.

“वाटलं, साहेबांनी नकाशात लोखंड वाढवलं असेल.”

“तुझ्या फाइलला हात कोण लावू शकतं?”

“कुणीही. सगळे एकाच नावानं आत शिरतो.”

चष्मेवाला कचेरीत नखं कुरतडत बसला होता. “त्या आठवड्यात मी तापानं घरी होतो, बाई. पण आकडा मोठा दिला, की फट बुजते. संगणकाला वाटतं, सज्जा भिंतीवर टेकलाय. सांध्याजवळचे बारीक त्रिकोणही चुरगळतात. मात्र रेषा चालू केल्या तरच दिसतं. चित्र छापताना आम्ही रेषा बंद ठेवतो. गिऱ्हाइकाला रंग पुरतात.”

ते चित्र साहेबांच्या खोलीत टांगलेलं होतं.

“पोपटासारखं हिरवं!” भावोजी म्हणाले. “कुठे रेघ म्हणून नाही.”

“एवढंच पाहून मी सही केली,” साहेब म्हणाले. “मूळ फाइल मी कधी उघडली नाही. अपघात झाला त्याच सकाळी पोलिसांनी यंत्रं उचलून नेली. त्या फाइलबद्दल ना तेव्हा कुणी काही बोललं, ना नंतर.” त्यांनी सुस्कारा सोडला. “पोरगी हुशार, पण धांदरट. सांध्यापाशी त्रिकोणांचा पार चुरा झालेला, तरी हिला कळू नये?”

वहिनींनी सगळ्यांना तिथंच बोलावलं. पोलीस अधिकारीही आले.

“फट आकड्यानं बुजवली, हे फाइलमध्ये दिसेलच. बुजवली कुणी, एवढाच प्रश्न. या मुलीला फट लपवायची असती, तर लाल निकाल घेऊन ती साहेबांकडे गेलीच नसती.”

“हे ती म्हणते,” साहेब म्हणाले.

“तिचं सोडा. त्रिकोणांचा चुरा तुम्ही कुठे पाहिलात? या चित्रात रेषाच नाहीत. फाइल तुम्ही उघडली नाही. कुणी सांगितलंही नाही.”

साहेबांनी चित्राकडे पाहिलं. घसा खाकरला.

“अहो, पण का?” भावोजींना राहवेना.

“लोखंड वाढवायचं, तर बांधून झालेला सज्जा उतरवावा लागला असता. उद्घाटन हुकलं असतं.”

“तारीख ठरली होती,” साहेब पुटपुटले. “वाटलं, तेवढा भार तोलेल.”

अधिकाऱ्यानं त्यांना बाहेर नेलं. नर्सबाईंनी लेकीला कवटाळलं. “सुटलीस गं बाई!”

मुलगी मिठीतून हळूच बाजूला झाली.

“आई, एका शब्दानं विचारलं असतं ना मी, तर...” मग तिनं वहिनींना विचारलं, “रंगाऱ्यांची घरं कुठे आहेत?”

“हाकलून देतील, पोरी,” भावोजी म्हणाले.

“देऊ देत.”

नर्सबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “थांब, मी येते.”